सासूबाईंचा बिडाचा तवा गंजला, वाचेल का?

खारेगावची_सून | १२ जुलै, रात्री ११:१०

मंडळी मदत हवीय आणि जरा घाईने हवीय, कारण सासूबाई पुढच्या रविवारी मांडवी एक्स्प्रेसने ठाण्याला उतरतायत.

घरात एक बिडाचा (म्हणजे ओतीव लोखंडाचा) तवा आहे, कणकवलीहून आलेला, सासूबाईंच्या पण सासूबाईंचा. त्याच्यावर फक्त घावणे, दुसरं काही करायचं नाही, आमच्याकडे तो कायदाच आहे. दोन बाजूंना दोन कान, त्यातला एक अर्धा तुटलेला (हे माझ्या लग्नाआधीचं आहे, मी नाही केलं). आज काट्यावर ठेवून बघितला तर २ किलो ९०० ग्रॅम भरला.

तर मी दहा दिवस माहेरी नाशिकला होते. नवऱ्याने त्याच्यावर ऑम्लेट केलं, ते चिकटलं, मग तारेच्या घासणीने घास घास घासलं आणि वाळायला म्हणून ड्राय बाल्कनीत उलटा घालून ठेवला. ड्राय बाल्कनी हे नाव ज्याने ठेवलंय त्याला जुलैत एकदा खारेगावला आणायला पाहिजे. आठवडाभर शिंतोडे बसले. काल येऊन बघते तर पूर्ण केशरी, गेरूने सारवल्यासारखा, हात लावला की बोटाला भुकटी.

वाचेल का हा? कल्हईवाल्याला दिला तर तो करून देईल का, आणि कल्हईवाले ठाण्यात आता कुठे बसतात? नवरा म्हणतोय त्यात काय एवढं नवीन नॉनस्टिक घेऊ. मी सध्या त्याच्याशी बोलत नाहीये.

पारसिकचा_बोगदा | १२ जुलै, रात्री ११:२४

शीर्षक घाईत वाचलं, बीड जिल्ह्याचा धागा समजून भांडायला आलो होतो. असो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नेरुळची_आजी | १३ जुलै, सकाळी ६:०५

अगं सूनबाई, आधी शांत हो. गंजून बिडाचं भांडं मरत नाही, पडून मरतं. आम्ही दादरहून नेरुळला राहायला आलो तेव्हा टेम्पोतून उतरवताना माझं आप्पेपात्र हमालाच्या हातून निसटलं, जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवरून, आणि सरळ दोन तुकडे. पितळेची कळशी त्याच्याबरोबर पडली तिला नुसता पोचा आला. तेव्हापासून मी बिडाचं भांडं कुणाच्या हातात देत नाही.

गंज वरवरचा असतो. घासला की जातो. आणि कल्हई तांब्या-पितळेला करतात गं, बिडाला नाही. कल्हई म्हणजे कथील, ते २३२ अंशाला वितळतं, घावण्याचा तवा तापला की तेवढा सहज जातो. पिठाबरोबर कल्हई पण उलथशील.

खारेगावची_सून | १३ जुलै, सकाळी ७:३०

आजी तुम्ही देवासारख्या धावून आलात. कल्हईचं कुणाला सांगू नका प्लीज.

शिरोलीचा_भट्टीवाला | १३ जुलै, सकाळी १०:४८

ताई, मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत नऊ वर्षं काढली, आता रबाळ्यात असतो. आमच्याकडं गाड्यांचे पार्ट ओततात, तवे न्हाईत, पण बीड ते बीडच. म्हणून जरा लांबण लावतो.

लोखंडी तवा आणि बिडाचा तवा ह्यात लोकं लई गल्लत करतात. पोळीचा पातळ तवा असतो तो पत्र्याचा, दाबून केलेला, आपटला तर वाकंल पण फुटणार न्हाई. बीड म्हणजे ओतीव. वाळूचा साचा करायचा आणि त्यात साधारण १३५०-१४०० अंशाचा रस ओतायचा. त्यात कार्बन असतो २ ते ४ टक्के, साध्या पोलादात एक टक्क्याच्या पण आत. हा जादा कार्बन थंड होताना ग्राफाइटच्या पापुद्र्यांसारखा आत बसतो. मायक्रोस्कोपखाली बगितलं तर आडव्यातिडव्या काळ्या रेघा दिसतात. ह्या रेघा म्हणजे आतल्या आत आधीच पडलेल्या चिराच समजा. म्हणून तर आजींचं आप्पेपात्र गुडघ्यावरनं पडून फुटलं.

आता तुमचं काम. गंज काढायच्या आधी एक टेस्ट करा. तवा एका कानाला दोरी बांधून अधांतरी लटकवा आणि लाकडी पळीनं हलकं टोला. घंटीसारखा टण्ण आवाज लांबला तर तवा ठणठणीत. बद्द वाजला तर कुठंतरी चीर हाय, मग त्याच्यावर जीव लावू नका. तुटका कान हाय म्हणताय म्हणून सांगतोय, कान तुटताना चीर आतपर्यंत गेलेली असू शकते.

आणि एक, तापलेल्या बिडावर गार पाणी कधी म्हणजे कधीच न्हाई. चर्र आवाज लई भारी वाटतो पण वरचा थर आकसतो, आतला न्हाई, आणि मग तडा जातो.

खारेगावची_सून | १३ जुलै, सकाळी ११:२०

टण्ण!!! चांगल्या कानाला साडीची नाडी बांधून पडद्याच्या दांडीला लटकवला. मंदिरातली घंटा वाजवावी तसा वाजला. शेजारच्या काकू विचारायला आल्या आज काय आहे म्हणून.

पारसिकचा_बोगदा | १३ जुलै, सकाळी ११:२२

२ किलो ९०० ग्रॅम पडद्याच्या दांडीला? ताई दांडी कुठल्या कंपनीची ते सांगा.

आयोडीन_व्हॅल्यू | १३ जुलै, दुपारी १:१५

गंज काढायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं, तवा बुडेल एवढ्या टबात अर्धा तास. मग काढून घासा, राहिला असेल तर परत अर्धा तास. रात्रभर ठेवू नका, नीट वाचा, रात्रभर ठेवू नका. गंज संपला की अ‍ॅसिड खालचं लोखंड खायला लागतं आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. नंतर चमचाभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा म्हणजे उरलेली आंबट मात्रा जाईल, आणि लगेच गॅसवर. लगेच म्हणजे टॉवेल शोधत बसायचं नाही. उघडं पडलेलं ओलं बीड आपल्याकडच्या हवेत तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा पिवळं पडतं.

बारा_व्होल्ट | १३ जुलै, दुपारी २:०२

व्हिनेगर वगैरे ठीक आहे पण इलेक्ट्रोलिसिससारखी मजा नाही. बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, गाडीच्या बॅटरीचा चार्जर, तवा निगेटिव्हला, पॉझिटिव्हला कुठलाही भंगार लोखंडी तुकडा, दोघं एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. मी वागळे इस्टेटला भंगारातून उचललेला खलबत्ता असा साफ केलाय, दुसऱ्या दिवशी कोपऱ्याकोपऱ्यातला गंज निघाला.

आयोडीन_व्हॅल्यू | १३ जुलै, दुपारी २:२०

@बारा_व्होल्ट, बरोबर आहे पण अर्धंच सांगितलंत. पॉझिटिव्हला स्टीलचा चमचा किंवा डबा अजिबात लावायचा नाही. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, ते पाण्यात उतरतं आणि त्यातून जे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम तयार होतं ते कॅन्सरकारक आहे. शिवाय हायड्रोजन सुटतो म्हणून बंद बाथरूममध्ये करायचं नाही. एका तव्यासाठी एवढा उपद्व्याप? व्हिनेगरची बाटली मिळते की किराणा दुकानात.

बारा_व्होल्ट | १३ जुलै, दुपारी २:३१

साधा लोखंडी तुकडा असं लिहिलंय की मी वर, चष्मा लावा. स्टीलचं मात्र मान्य, ते लिहायला हवं होतं.

मालवणी_तडका | १३ जुलै, दुपारी ३:४०

व्हिनेगर काय, चार्जर काय!! चिंच आणि जाडं मीठ घ्या, नारळाच्या काथ्याने घासा. आमच्याकडे त्याला भिडं म्हणतात, आणि प्रत्येक पावसाळ्यात ते थोडंफार गंजतंच, कुणी त्याचं सुतक पाळत नाही.

आयोडीन_व्हॅल्यू | १३ जुलै, दुपारी ३:४५

चिंचेत टार्टारिक अ‍ॅसिड, व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक. तुमची आजी पण केमिस्टच होती.

खारेगावची_सून | १४ जुलै, संध्याकाळी ६:५०

अपडेट. बाळाच्या जुन्या आंघोळीच्या टबात दोन वेळा अर्धा अर्धा तास व्हिनेगर, मग चिंच-मीठ-काथ्या (दोन्ही पार्ट्यांना खूश ठेवलंय). घासायचं काम ज्याचं त्याने केलं, अडीच तास. पाणी असं निघत होतं जणू कोणी कात कालवलाय. आता तवा राखाडी झालाय, अगदी करडा, काळेपणा सगळा गेला. मला रडू आलं. सासूबाईंचा तवा काळाभोर चकचकीत होता, त्यात ट्यूबलाइट दिसायची. हा कुणीतरी दुसराच तवा वाटतोय.

नेरुळची_आजी | १४ जुलै, संध्याकाळी ७:१५

रडायचं काय त्यात, बिडाचा खरा रंग करडाच. काळेपणा त्याला आपण दिलेला असतो, एकेका घावण्याने. आता त्याला लगेच तेलाचं बोट लाव, नाहीतर उद्या सकाळी परत गेरू.

सतरावा_मजला | १४ जुलै, रात्री ९:०५

सीझनिंग (तेल लावून, तापवून तव्यावर काळा थर बसवणं) करणार असाल तर माझा अनुभव वाचाच. घोडबंदर रोडला नवीन टॉवरमध्ये राहतो. गेल्या वर्षी हौसेने बिडाचं पॅन घेतलं, व्हिडिओ बघून भरपूर तेल लावलं आणि मोठ्या आचेवर ठेवलं, एक्झॉस्ट बंद. मजल्यावरचा स्मोक डिटेक्टर वाजला, सिक्युरिटीवाले आग विझवायचं सिलिंडर घेऊन आले, सोसायटीच्या ग्रुपवर माझा फ्लॅट नंबर फिरला आणि शेवटी पॅन चिकट, मधासारखं. तीन दिवस हात लावला की हात वर यायचा तो पॅनसकट. कुठे चुकलं?

आयोडीन_व्हॅल्यू | १४ जुलै, रात्री ९:४०

'भरपूर' इथे चुकलं.

तव्यावर जो काळा थर बसतो तो तेल राहत नाही. तापलेल्या लोखंडावर तेलाचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांना जोडले जातात, साखळ्या होतात आणि त्याचं एक कडक आवरण बनतं, वॉर्निशसारखं. थर जाड असला की वरचा भाग कडक होतो आणि आतला कच्चा राहतो, तोच तुमचा मध. म्हणून तेल लावायचं आणि मग असं पुसायचं की जणू चुकून लागलं होतं आणि आता पुरावा नष्ट करायचाय. तवा कोरडाच दिसला पाहिजे. मग तापवायचा.

कुठलं तेल, तर कोणतं तेल किती जोडलं जाईल हे त्याच्या आयोडीन व्हॅल्यूवरून कळतं, आकडा जितका मोठा तितकं जास्त (हो, म्हणून हा आयडी). जवस साधारण १७० ते २००, सोयाबीन आणि सूर्यफूल १२०-१३० च्या आसपास, तीळ ११० च्या आसपास, शेंगदाणा ८५ ते १०५, आणि खोबरेल दहाच्या आतबाहेर. खोबरेलात बहुतेक सगळं सॅच्युरेटेड, त्याला जोडायला हातच नाहीत. नेटवर जवसाच्या तेलाचं फार कौतुक आहे, थर सुंदर कडक होतो खरा, पण ठिसूळ, काही महिन्यांत खपल्या निघतात. घरातलं सूर्यफूल किंवा सोयाबीन वापरा, पातळ थर, तीन-चार वेळा.

ऐरोली_स्लो_लोकल | १४ जुलै, रात्री १०:१०

अरे बापरे, मी तर हार्डवेअरच्या दुकानातून अळशीचं, म्हणजे जवसाचंच, तेल आणलंय, स्वस्त मिळालं, अर्धा लिटर.

आयोडीन_व्हॅल्यू | १४ जुलै, रात्री १०:१२

थांबा!!! ते रंगाच्या दुकानातलं आहे. त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे ड्रायर घातलेले असतात. ते खिडक्या-दरवाज्यांना लावा, तव्याला नाही.

ऐरोली_स्लो_लोकल | १४ जुलै, रात्री १०:१५

दरवाजा सीझन करतो मग.

मालवणी_तडका | १४ जुलै, रात्री १०:३०

खोबरेलाला हात नाहीत म्हणे. अहो पिढ्यान्पिढ्या कोकणात भिड्याला खोबरेलच लावतात आणि घावणं फुंकर मारली तरी सुटतं. तुमचे आकडे तुमच्याकडे ठेवा.

शिरोलीचा_भट्टीवाला | १४ जुलै, रात्री ११:०२

दोघंबी बरोबर हाय. त्यांची आजी रोज चुलीवर घावणे घालायची, तव्याला रोज आच, रोज तेल. दहा वर्षांत कुठलंबी तेल बसतंय. ताईंकडं सातच दिवस हायत. सात दिवसांत करायचं तर सूर्यफूल.

खारेगावची_सून | १६ जुलै, दुपारी ४:१५

झालं! काल रात्री केलं. तवा ओटीजी ओव्हनमध्ये मावेना (ओव्हन २८ लिटरचा आहे, कान आडवे येतात), म्हणून गॅसवरच. आधी पाच मिनिटं मंद, मग मध्यम. सूर्यफुलाचं तेल लावलं, जुन्या सुती धोतराच्या फडक्याने पुसलं, परत पुसलं, 'पुरावा नष्ट'. धूर यायला लागला की दहा-बारा मिनिटं तसाच ठेवायचा, तवा थोडा थोडा फिरवत, कारण आमचा बर्नर लहान आहे आणि कडा तापतच नाहीत. बंद करून आपोआप गार होऊ द्यायचा. असं चार वेळा. खिडक्या सगळ्या उघड्या, एक्झॉस्ट चालू, तरी घरभर वास. रंग आता तपकिरी-काळा, मध्ये गडद आणि कडेला फिकट. ट्यूबलाइट दिसत नाही अजून पण ट्यूबलाइट आहे एवढं कळतं.

कडा तापत नाहीत हे सगळ्यांकडे होतं का? की माझाच गॅस?

शिरोलीचा_भट्टीवाला | १६ जुलै, संध्याकाळी ५:३०

सगळ्यांकडंच. लोकं म्हणतात बीड सगळीकडं सारखं तापतं, ते खोटं. उष्णता पसरवायच्या बाबतीत अ‍ॅल्युमिनियम त्याच्या चार-पाचपट पुढं. बिडाची खासियत वेगळी, ते जड हाय म्हणून एकदा घेतलेली उष्णता लवकर सोडत न्हाई. गार पीठ टाकलं तरी पातळ तव्यासारखं भस्सकन खाली येत न्हाई. म्हणून जाळी पडती. घाई न्हाई करायची, सात-आठ मिनिटं मंद आचेवर ठेवायचा आणि मग पीठ. इंडक्शनवर पण चालतो पण तिथंबी सुरवात कमीवरनं, आणि काचेवर ओढायचा न्हाई, उचलून ठेवायचा.

हिमोग्लोबिन_नऊ | १६ जुलै, रात्री ८:४५

थोडं अवांतर. माझा आयडी विनोद नाही, खरंच नऊ होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच, शिवाय आईने बिडाची कढई पाठवली. ह्यात तथ्य आहे का हे शोधताना इथिओपियातल्या लहान मुलांवरचा अभ्यास सापडला, १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेला. काही घरांना लोखंडी भांडी दिली, काहींना अ‍ॅल्युमिनियमची, आणि वर्षभराने लोखंडी भांड्यातलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन जास्त सुधारलेलं होतं. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ मध्ये (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघालाय, तेव्हा विषय अगदीच अवांतर नाही.

कळव्याची_नर्स | १६ जुलै, रात्री ९:२०

बरोबर, पण दोन गोष्टी. कढई म्हणजे औषध नाही, गोळ्या बंद करू नका. आणि घरात कुणी थॅलेसेमिया मेजरचं पेशंट असेल किंवा शरीरात लोह साठण्याचा त्रास असेल तर लोखंडी भांडं वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यांना रक्त चढवून चढवून आधीच लोह जास्त झालेलं असतं. 'पौष्टिक' म्हणून आग्रह करणारे नातेवाईक मी वॉर्डात रोज बघते.

डबल_शिफ्ट | १६ जुलै, रात्री ९:५०

म्हणजे टोमॅटोची भाजी, आमटी, कढी बिडात केली तर लोह जास्त उतरेल ना? मग तेच करावं.

आयोडीन_व्हॅल्यू | १६ जुलै, रात्री १०:०५

उतरेल, आणि त्याच्याबरोबर तुमचं सीझनिंग पण उतरेल. कोकम, चिंच, टोमॅटो, ताक हे जास्त वेळ शिजवलं की थर सुटतो, आमटी काळपट होते आणि जिभेवर धातूची चव. मुरलेल्या कढईत शेवटी लिंबू पिळलं तर काही होत नाही. आंबट रोज करायचं असेल तर इनॅमल दिलेलं बीड घ्या, पण त्यात मग लोह मिळत नाही, कारण मध्ये काच आहे. दोन्ही हवं असेल तर दोन कढया.

नेरुळची_आजी | १६ जुलै, रात्री १०:३०

आणि कुठलंही केलं तरी शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. बिडाच्या कढईत रात्रभर ठेवलेली भेंडी मी पाहिलीय. कोळशाची भाजी वाटते.

खारेगावची_सून | १८ जुलै, सकाळी ८:४०

पहिलं घावणं आत्ता घातलं. चिकटलं. चिकटलं म्हणजे तव्याचा भाग झालं. उलथण्याने खरवडलं तर चुरा, आणि चुऱ्याला काळे ठिपके. दुसरं पण तसंच. तिसरं अर्धं सुटलं. नवरा मागे उभा राहून 'नॉनस्टिक' एवढंच म्हणाला आणि ऑफिसला निघून गेला, डबा न घेता.

मालवणी_तडका | १८ जुलै, सकाळी ८:५५

काळे ठिपके म्हणजे वरचा सुटा कार्बन, पहिली दोन-तीन नेहमी कावळ्याला. आता असं कर, कांदा अर्धा काप, काट्याला टोच, तेलात बुडव आणि प्रत्येक घावण्याआधी तापलेल्या तव्यावर फिरव. पीठ पातळ पाहिजे, ताकापेक्षा पातळ. आणि पीठ ओतल्यावर हात लावायचा नाही! झाकण ठेव, कडा आपोआप सुटेपर्यंत थांब. कडा सुटली नसताना उलथणं घालणारी माणसं मला आवडत नाहीत.

तुर्भे_स्टोअर्स | १८ जुलै, सकाळी ९:३०

आणि ह्या तव्यावर पोळ्या भाजल्या नाहीत ना? आमच्याकडे मंगळूरचे शेजारी आहेत, त्यांनी आईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की डोशाचा तवा आणि चपातीचा तवा कधी एक करू नका. चपातीला तेल नसतं, तवा कोरडाच तापत राहतो, बसलेला थर जळून जातो आणि मग डोसा चिकटतो.

खारेगावची_सून | १८ जुलै, सकाळी ९:४२

...परवा रात्री 'तवा तयार झाला' ह्या आनंदात सहा पोळ्या भाजल्या त्याच्यावर. मीच. हे घरात कुणाला सांगणार नाहीये.

पारसिकचा_बोगदा | १८ जुलै, सकाळी ९:४४

इथे दोनशे लोकांना सांगितलंत, घरी कशाला सांगायचं.

सतरावा_मजला | १८ जुलै, दुपारी १२:१०

साबण लावायचा की नाही? ह्याच्यावर आमच्या घरात उभी फूट आहे. बायको म्हणते साबण नाही म्हणजे घाण. मी म्हणतो साबण लावला की संपलं.

आयोडीन_व्हॅल्यू | १८ जुलै, दुपारी १२:४०

बायको जिंकली. पूर्वीच्या घरगुती साबणात कॉस्टिक उरलेलं असायचं, ते हा थर खरंच खातं, तिथून हा नियम आला. आताचं भांड्याचं लिक्विड दोन थेंब आणि मऊ स्पंज, काही होत नाही, कारण थर तेल नाहीच मुळी. नको आहे ते तारेची घासणी, डिशवॉशर आणि सिंकमध्ये भिजत ठेवणं. चिकटलं असेल तर जाडं मीठ आणि फडकं. आणि पुसून झाल्यावर दोन मिनिटं गॅसवर, मग तेलाचं बोट. फडक्याने कितीही कोरडं केलं तरी बिडाच्या खरखरीत अंगात पाणी राहतंच.

नेरुळची_आजी | १८ जुलै, दुपारी १:३०

माझं साबणाबद्दल मत वेगळं आहे पण ह्या वयात वाद नको. आमच्याकडे भांडीवाल्या बाईंना मी पहिल्या दिवशीच सांगते, बिडाचं माझं मी धुणार. त्या खूश, मी खूश. फक्त आता मनगट साथ देत नाही. तीन किलोचं एका हाताने उचलायचं वय गेलं, दोन्ही कान धरून उचलते आणि शक्यतो शेगडीवरच ठेवते, तिथेच पुसते. भिंतीला लटकवलेलं बीड मला बघवत नाही, खिळा सुटला तर पायाच्या बोटावर.

खारेगावची_सून | २० जुलै, रात्री १०:५५

कांदा हे अस्त्र आहे. १८ आणि १९ला फक्त कांदा-तेल आणि भरपूर तेल लागणाऱ्या गोष्टी केल्या, थालीपीठ, मग बटाट्याचे काप, मग परत थालीपीठ. आज सकाळी घावणे घातले. पहिलं फाटलं, दुसऱ्यापासून सुटायला लागले. पाचव्याला कडा स्वतःहून वर आल्या, मी हात पण लावला नव्हता. जाळी पडली!! फोटो टाकते पण मोबाइलचा कॅमेरा वाफेने धुरकट झालाय.

उद्या संध्याकाळी मांडवी. कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल म्हणजे कधी येईल ते गणपती जाणे.

मालवणी_तडका | २० जुलै, रात्री ११:०१

जाळी बघून डोळे भरून आले. काळ्या वाटाण्याची आमटी कर सोबत, किंवा नारळाचा रस.

खारेगावची_सून | २२ जुलै, दुपारी ३:२०

सासूबाई आल्या. काल रात्री थकल्या होत्या, जेवून झोपल्या. आज सकाळी मी उठायच्या आधी त्या किचनमध्ये, तवा शेगडीवर, आणि त्या तव्याकडे बघत उभ्या. मी दारातच थांबले. त्यांनी बोट फिरवलं, कडेला नखाने खरवडून बघितलं, नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, "ह्या कोणी घासल्यान?"

मी काही बोलायच्या आत नवरा आतून ओरडला, "मी घासला आई, गंजला होता."

त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या गावाला दर पावसाळ्यात गंजायचा, गणपतीच्या आधी चिंच लावून घासायचा, तेल चोपडायचं, त्यात काय एवढं. वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा, तरी गंजायचाच. मी आठ दिवस झोपले नाहीये आणि ह्यांचं म्हणणं त्यात काय एवढं.

मग त्यांनी मला त्या तुटक्या कानाची गोष्ट सांगितली. नवरा आठ वर्षांचा असताना अंगणात क्रिकेट खेळताना स्टंपच्या मागे बॉल अडवायला म्हणून हा तवा उभा केला होता. बॉल लागून तवा पायरीवर आपटला, कान गेला. आणि हा माणूस लग्नानंतर इतकी वर्षं मला सांगत होता की तवा असाच ओतलेला आहे, डिझाइन आहे.

पारसिकचा_बोगदा | २२ जुलै, दुपारी ३:२६

हसून हसून पुरेवाट. दोन्ही वेळा आरोपी एकच.

शिरोलीचा_भट्टीवाला | २२ जुलै, दुपारी ४:००

कान जोडायला कुठं देऊ नका ताई. बिडाला वेल्डिंग करायचं म्हणजे निकेलचा रॉड लागतो, आधी तापवा, मग सावकाश गार करा, एवढं करून बाजूला दुसरीकडं तडा जायची भीती. अर्ध्या कानाचाच बरा. आणि कोण वेल्डर काय रॉड वापरंल ते अन्नाच्या भांड्याला नको.

खारेगावची_सून | २२ जुलै, दुपारी ४:१०

जोडणार नाहीच, पुरावा आहे तो.

ऐरोली_स्लो_लोकल | २२ जुलै, रात्री ९:१५

ताई घावण्याचं प्रमाण तेवढं द्या ना.

खारेगावची_सून | २२ जुलै, रात्री ९:४०

सासूबाईंचं प्रमाण म्हणजे 'अंदाज'. मी मोजलं ते असं, एक वाटी तांदळाचं पीठ (तांदूळ धुऊन वाळवून दळलेले), सव्वादोन ते अडीच वाटी पाणी, मीठ, बस. प्रत्येक वेळी ओतायच्या आधी तळापासून ढवळायचं कारण पीठ खाली बसतं. वाटीने उंचावरून ओतायचं, कडेकडून मध्ये, पळीने पसरायचं नाही.

खारेगावचा_जावई_नाही_मुलगा | २७ जुलै, दुपारी १२:३५

नमस्कार, नवीन आयडी आहे, सांभाळून घ्या. घरात मला एका विशिष्ट तव्याला हात लावायची बंदी झाल्यामुळे आज जांभळी नाक्यावरून ऑम्लेटसाठी स्वतःचा बिडाचा तवा आणलाय, दहा इंची. हाताला काळं लागतंय आणि मशीनच्या तेलासारखा वास येतोय. थेट अंडं फोडलं तर चालेल का?

नेरुळची_आजी | २७ जुलै, दुपारी १२:५०

नाही चालणार. आधी गरम पाणी आणि साबणाने ते कारखान्याचं तेल काढ. मग धागा पहिल्यापासून वाच.

खारेगावची_सून | २७ जुलै, दुपारी १२:५२

आणि ड्राय बाल्कनीत ठेवू नकोस.